जुन्या जीपगाडीच्या इंधन-यंत्रणेतील गंज : कारणे, लक्षणे व उपाय

आंबा बागाईतदार असो, घाटमाथ्यावरील भाजीपाला उत्पादक असो वा दूधसंघास नित्य दूध पोहोचविणारा पशुपालक असो, त्याच्या प्रपंचात जुन्या जीपगाडीस आज बैलगाडीचे स्थान प्राप्त झाले आहे. बियाणे व खते घरी आणणे, माल बाजारात नेणे, वेळप्रसंगी आजारी माणसास रात्री-अपरात्री तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचविणे ही सर्व कामे तिच्यावरच पडतात. १९९४ साली टाटा सुमो व २००० साली महिंद्र बोलेरो बाजारात आली. या व त्यापूर्वीच्या जीपगाड्यांपैकी अनेक गाड्या खेड्यापाड्यांतून अद्यापि धावत आहेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपल्यावर तपासणी करून ती पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. त्यामुळे सुस्थितीत ठेवलेली जुनी गाडी शेतकऱ्यास दीर्घकाळ उपयोगी पडते.

परंतु अशा गाडीचे इंजिन धडधाकट असूनही तिची टाकी व इंधनाच्या नळ्या गंजलेल्या असल्यास ती नेमकी अडचणीच्या वेळी दगा देते. वैशाखात आंब्याच्या पेट्या भरून निघालेली गाडी अंबा घाटाच्या चढावर दम सोडून बंद पडते. मिस्त्री येतो, फिल्टर बदलतो, गाडी सुरू होते व पाच-सात दिवसांनी पुनश्च तोच प्रकार घडतो. असे तीन-चार वेळा झाल्यावर पंप व नोझल यांची दुरुस्ती निघते आणि हंगामाची बरीचशी कमाई तीत खर्ची पडते. येथे फिल्टर वा पंप हे मूळ दुखणे नव्हे. टाकीत साचलेले पाणी व त्यापासून उत्पन्न झालेला गंज हे मूळ दुखणे होय. ते दूर केल्याशिवाय केलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही, ही गोष्ट प्रत्येक गाडीमालकाने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

गंज कसा उत्पन्न होतो

लोखंडास गंज चढण्यास पाणी व हवा या दोहोंची आवश्यकता असते. केवळ शुद्ध डिझेल असलेल्या टाकीस आतून सहसा गंज चढत नाही. मात्र अर्धी रिकामी टाकी श्वास घेत असते. दिवसा ऊन्ह लागून तिच्यातील हवा प्रसरण पावते व बाहेर पडते. रात्री गारव्याने ती आकसते व बाहेरची दमट हवा आत शिरते. या हवेतील बाष्प टाकीच्या थंड पत्र्यावर दवासारखे जमते व ओघळून तळाशी जाते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम, तर एक लिटर पाण्याचे वजन १,००० ग्रॅम असते. म्हणून पाणी सदैव तळाशी राहते व तेथूनच टाकी खाण्यास प्रारंभ करते. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व हवा खारी असते, तेथे ही क्रिया अधिक वेगाने चालते.

पूर्वी पोलादी टाक्यांच्या पत्र्यास शिसे व कथील यांच्या मिश्रणाचा पातळ मुलामा देण्याची पद्धत होती. पितळेच्या भांड्यास कल्हई करतात, तसाच हा प्रकार होय. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते हे घरोघरी ठाऊक आहे. त्याचप्रमाणे मुलामा झिजलेल्या टाकीत पत्रा उघडा पडून गंजतो. डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू व बुरशी यांचीही वाढ होते. त्यांच्यापासून आम्ले उत्पन्न होतात व काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. हा गाळ गंजाइतकाच घातक असतो.

बाहेरून होणारी झीज निराळी असते. टाकी ज्या पट्ट्यांनी चेसिसला बांधलेली असते, त्या पट्ट्यांच्या मागे चिखल अडकून महिनोन्‌महिने ओला राहतो. इंधनाच्या नळ्या ज्या क्लिपांत बसविलेल्या असतात, त्या क्लिपांखाली पाणी मुरते. शेतकऱ्याच्या गाडीच्या बाबतीत आणखी एका गोष्टीची भर पडते. गाडीतून युरिया व पालाशयुक्त खतांची पोती, मासळीच्या पाट्या, शेणखत व जनावरे यांची ने-आण होते. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत रासायनिक दृष्ट्या मिठाच्याच जातीचे आहे. पोत्यातून सांडलेले खत फळ्यांच्या फटींतून टाकीवर व नळ्यांवर पडले व त्यास ओल लागली, म्हणजे समुद्रापासून शंभर कोस दूर असलेल्या गावीही लोखंड खाऱ्या हवेत ठेवल्याप्रमाणे गंजते.

गाडी कोणती चिन्हे दाखविते

दोष वाढण्यापूर्वी गाडी काही चिन्हे दाखविते. ती वेळीच ओळखली असता मोठा खर्च टळतो.

१. गाडी काही अंतर चालून बंद पडते, दहा-पंधरा मिनिटे उभी ठेवल्यावर पुन्हा सुरू होते व थोड्या वेळाने पुन्हा बंद पडते. टाकीतील गंजाच्या खपल्या इंधनाच्या ओढीने शोषण-नळीच्या तोंडाशी जमतात व इंजिन थांबताच खाली बसतात, हे याचे नेहमीचे कारण होय.

२. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते. परंतु चढावर वा भार असता ओढ कमी पडते. इंजिनास अधिक इंधन लागते तेव्हा ते पुरेसे पोहोचत नाही, असा याचा अर्थ होतो.

३. सकाळी गाडी पुष्कळ वेळ फिरवावी लागते. शोषण-नळीस गंजाने सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले असल्यास त्यातून डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. यालाच मिस्त्री लोक ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. गळती दिसत नाही म्हणून नळी चांगली आहे असे समजणे चुकीचे ठरते.

४. नवा फिल्टर त्याच्या ठरलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी तुंबतो व त्यात तांबूस भुकटी वा काळा गाळ आढळतो.

५. गाडीखाली ओलसर डाग, डिझेलचा वास अथवा टाकीच्या सांध्यावर धूळ चिकटून झालेला तेलकट पट्टा दिसतो.

दोषाचे स्थान शोधण्याची रीत

खर्चाची दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी दोष टाकीत आहे, नळीत आहे की पंपात आहे हे निश्चित करावे. त्यासाठी दोन सोप्या परीक्षा आहेत. या परीक्षा जुन्या धर्तीचा यांत्रिक पंप असलेल्या डिझेल गाडीपुरत्याच समजाव्यात.

पहिली परीक्षा बाटलीची. गाडी रात्रभर समपातळीवर उभी ठेवावी. सकाळी ती न हलविता टाकीच्या तळाच्या बुचातून अथवा वॉटर सेपरेटरच्या खालच्या बुचातून सुमारे अर्धा लिटर डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर, तांबूस कण किंवा काळसर तंतू दिसल्यास टाकी दूषित झाली आहे असे समजावे. कणांजवळ बाहेरून लोहचुंबक फिरवावा. चुंबकाकडे ओढले जाणारे कण लोखंडाचे होत. चुंबकास दाद न देणारा बुळबुळीत गाळ बहुधा जंतूंचा असतो. गंजाचे सर्वच कण चुंबकास चिकटत नाहीत, हे मात्र विसरू नये.

दुसरी परीक्षा डब्याची. स्वच्छ डब्यात चार-पाच लिटर ताजे, गाळलेले डिझेल घेऊन तो इंजिनापासून योग्य अंतरावर घट्ट बसवावा. पंपाकडे जाणारी शोषण-नळी व परत येणारी नळी या दोहोंऐवजी तात्पुरत्या तेलरोधक रबरी नळ्या जोडून त्यांची टोके या डब्यात सोडावीत. हातपंपाने हवा काढून इंजिन उघड्या जागी चालवावे. इंजिन सुरळीत चालल्यास दोष टाकीत वा चेसिसवरील नळ्यांत आहे हे सिद्ध होते. तरीही ते अडखळल्यास दोष पुढे, म्हणजे फिल्टर, पंप वा नोझल यांत शोधावा. या एका परीक्षेने विनाकारण पंप उघडण्याचा खर्च वाचतो.

पंप व नोझल यांच्या भागांतील मोकळीक मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दोन-चार पट इतकीच असते. माणसाचा केस तिच्याहून कितीतरी जाड असतो. इतक्या अरुंद जागेत गंजाचा कण वा पाण्याचा थेंब शिरला म्हणजे गुळगुळीत पोलादावर ओरखडे पडतात. म्हणून फिल्टर काढून टाकून वा त्यास भोक पाडून गाडी रेटण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

अलीकडच्या कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत इंधनाचा दाब हजार वातावरणांहूनही अधिक असतो. अशा गाडीची दाबाची नळी इंजिन चालू असता कदापि सैल करू नये. बारीक धार त्वचा भेदून मांसात शिरते व हात गमावण्याची वेळ येऊ शकते. या गाड्यांचे काम प्रशिक्षित कारागिराकडूनच करवून घ्यावे.

टाकीची सफाई

टाकी गाडीवरून उतरविल्याशिवाय तिची खरी सफाई होत नाही. हे काम मोकळ्या हवेत, चूल, विडी व विजेच्या ठिणगीपासून दूर करावे. बॅटरीची तार प्रथम सोडवावी. गाडी केवळ जॅकवर उचलून खाली शिरू नये. भक्कम घोडे अवश्य लावावेत.

टाकी रिकामी केल्यावर काट्याच्या मापाचा भाग काढून त्या तोंडातून आत पाहावे. त्यासाठी काडी वा कंदील वापरणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. आरशाने सूर्यप्रकाशाचा कवडसा आत पाडला असता तळ व सांधे उत्तम दिसतात. बाहेरून पत्रा ठोकून पाहावा. तो दबत असेल, सांध्यावर खड्डे पडले असतील वा पट्ट्याखालचा भाग पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर अशी टाकी दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता बदलून टाकणेच हितावह ठरते.

पत्रा मजबूत असून गंज केवळ वरवरचा असल्यास पुढील क्रमाने सफाई करावी. प्रथम गरम पाणी व धुण्याची पूड यांनी टाकी दोन-तीनदा धुवावी. तेलकटपणा शिल्लक राहिल्यास पुढील द्रावण गंजापर्यंत पोहोचत नाही. तद्नंतर दहा लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून ते टाकीत भरावे व रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी द्रावण काढून खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने टाकी खळबळावी व स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावी. याच वेळी ती पाण्याने भरून अर्धा तास पाहावी. कारण आजवर गंजानेच बुजलेली छिद्रे सफाईनंतर उघडी पडतात. शेवटी टाकी उन्हात पूर्ण वाळवून ताबडतोब आतून डिझेलने ओली करावी. हे काम लांबणीवर टाकल्यास उघड्या पत्र्यावर काही तासांतच नवा गंज धरतो.

लिंबूसत्त्वाऐवजी तीव्र तेजाब वापरण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. त्याने गंजाबरोबर चांगला पत्राही खाल्ला जातो व वाफांनी डोळे आणि फुप्फुसे यांस इजा होते. सबब ते वापरू नये. धुवणाचे पाणी डिझेलने व जुन्या मुलाम्यातील शिशाने दूषित असते. ते विहीर, ओढा, गुरांचे पाणवठे वा शेत यांत जाऊ देऊ नये. डब्यात साठवून वापरलेल्या तेलाबरोबर गॅरेजमार्फत त्याची विल्हेवाट लावावी.

सफाईनंतर शोषण-नळीची गाळणी, फिल्टर व वॉटर सेपरेटर हेही नवे किंवा स्वच्छ करून बसवावेत. नळ्यांतून उलट दिशेने हवा फुंकून घ्यावी. पहिला नवा फिल्टर मुदतीची वाट न पाहता थोड्या दिवसांनी उघडून तपासावा, कारण राहिलेला सूक्ष्म गाळ त्यात येऊन अडकतो.

वेल्डिंगचा धोका

रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहिण्याजोगे आहे. टाकीतून इंधन काढले तरी तिच्या सांध्यांत व गंजाच्या थराखाली ते मुरलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती हवेत मिसळते व बाँबगोळ्याप्रमाणे स्फोट होतो. डिझेलची टाकी पेट्रोलच्या टाकीपेक्षा निर्धोक असते हा समजही येथे घातक ठरतो. ‘दोन वेळा धुतली आहे’ या भरवशावर टाकीला वेल्डिंग करवून घेऊ नये. असे काम आतील वाफ पूर्णपणे घालविण्याची साधने असलेल्या तज्ज्ञ कारागिराचेच आहे.

वाटेत डिझेलची टाकी ठिबकू लागली असता छिद्रावर धुण्याचा साबण दाबून बसविण्याची जुनी युक्ती गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती चालते. ती दुरुस्ती नव्हे. पेट्रोल गाडीतून गळती होत असल्यास मात्र गाडी तत्काळ थांबवावी, इंजिन बंद करावे व माणसांस दूर करावे.

नळ्या कोणत्या वापराव्यात

गंजलेली नळी मधूनच कापून तेथे पाण्याची साधी रबरी वा प्लॅस्टिकची नळी जोडणे हा अनेकांचा नित्याचा उपाय आहे. डिझेलने अशी नळी फुगते, मऊ पडते व तिचे कण पंपात जातात. चेसिसवर मूळ प्रकारची, गंजरोधक लेप दिलेली पोलादी नळी व सांध्यांवर तेलरोधक नळीच वापरावी. तांब्याची नळी वाकविण्यास सोपी असली, तरी तांब्याच्या सान्निध्यात डिझेल लवकर बिघडते व कंपनाने तांब्यास चिरा पडतात. त्याचप्रमाणे आतून जस्ताचा मुलामा असलेली टाकी किंवा नळी डिझेलसाठी वापरू नये. डिझेलमधील आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखे पदार्थ बनतात व ते नोझल तुंबवितात.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशात २०२५ साली गाठले गेले. उसापासून व धान्यापासून होणाऱ्या या इथेनॉलने शेतकऱ्याच्या मालास नवी बाजारपेठ दिली आहे. परंतु इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो व पोलादी टाकीस अपाय करतो. म्हणून अशी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये व तिच्या जुन्या रबरी नळ्या नव्या इंधनास योग्य अशा नळ्यांनी बदलून घ्याव्यात.

डिझेलची साठवण

पुष्कळदा गंज व पाणी पंपावरून नव्हे, तर घरच्या पिंपातून टाकीत येते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते व रात्रीच्या गारव्याने बुचाच्या आट्यांतून आत ओढले जाते. पिंप छपराखाली, जमिनीपासून उंच लाकडावर व किंचित कलते ठेवावे. तळातील चार बोटे डिझेल गाडीत ओतू नये. ओतताना फडक्याऐवजी बारीक जाळीचे नरसाळे वापरावे, कारण फडक्याचे तंतू फिल्टरमध्ये जातात. भर पावसात टाकीचे झाकण उघडण्याची वेळ आल्यास वर छत्री धरण्याइतकी दक्षता घ्यावी.

वर्षभराचा कार्यक्रम

वैशाख-ज्येष्ठात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, टाकीचे पट्टे व नळ्यांच्या क्लिपा सैल करून मागील माती काढावी, गंज खरवडावा, गंजरोधक रंग द्यावा व झिजलेली नळी बदलावी. बुचाची रबरी चकती तपासावी.

आषाढ ते भाद्रपद या काळात संध्याकाळी गाडी उभी करताना टाकी शक्य तितकी भरलेली ठेवावी. टाकीत हवेस जागा जितकी कमी, तितके पाणी कमी जमते. वॉटर सेपरेटरमधील पाणी आठवड्यातून एकदा काढावे. खत वा मासळी वाहून आणल्यावर त्याच दिवशी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी.

आश्विनात, पाऊस ओसरल्यावर, बाटलीची परीक्षा करावी. फाल्गुनात, आंब्याची वा कांद्याची वाहतूक सुरू होण्याआधी, फिल्टर उघडून पाहावा व एक सुटा फिल्टर नेहमी गाडीत ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावसभेत वा चावडीवर दाखविण्यास सोपे असे एक प्रात्यक्षिक आहे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत तीन बोटे मिठाचे पाणी व त्यावर तितकेच डिझेल घ्यावे. त्यात चार इंची लोखंडी खिळा अशा रीतीने तिरका ठेवावा की त्याचा खालचा अर्धा भाग पाण्यात व वरचा अर्धा भाग डिझेलमध्ये राहील. शेजारच्या दुसऱ्या बरणीत केवळ डिझेल घेऊन तसाच खिळा ठेवावा. दोन्ही बरण्या झाकून, विस्तवापासून व मुलांच्या हातापासून दूर ठेवाव्यात. काही दिवसांनी पहिल्या खिळ्याचा पाण्यातील भाग गंजलेला व डिझेलमधील भाग स्वच्छ दिसतो. दुसरा खिळा जसाच्या तसा राहतो. टाकीचा तळ आधी का सडतो हे यावरून सर्वांस पटते. त्याच बैठकीत गावातील जुन्या गाड्यांची बाटलीची परीक्षा एकत्र करून घेतल्यास सदोष गाड्या तेथेच निवडता येतात आणि दोन-चार मालकांनी मिळून एकाच मिस्त्रीस बोलाविल्यास खर्चही विभागला जातो.

गाडीची बाह्य रंगरंगोटी सर्वांच्या नजरेत भरते. टाकीचा तळ मात्र कोणी पाहत नाही. तेथील मूठभर गंजामुळे हंगामाचा माल वाटेत अडतो, गळतीमुळे गाडी पेटते व अविचाराने केलेल्या वेल्डिंगमुळे माणूस प्राणास मुकतो. आठवड्यातून पाच मिनिटे पाणी काढण्यास व वर्षातून एक दिवस टाकी आणि नळ्या तपासण्यास दिल्यास यांपैकी बहुतेक हानी टळेल. ज्यांच्या गाडीची बाटलीची परीक्षा आजवर झालेली नाही, त्यांनी ती या आठवड्यातच करून घ्यावी.